संशोधनाची वर्गणी कोणी भरायची?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फलकावर माझा विषय लागल्यापासून तीन-चार जणांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "सर, हे ओपन ॲक्सेस म्हणजे बँकेतलं काही नवीन खातं आहे का?" खाते नाही, पण पैशाशी संबंध आहे, हे मात्र खरे. आज मी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांतल्या खुल्या संशोधनाविषयी बोलणार आहे. म्हणजे असे संशोधन, जे कोणालाही, कुठूनही, पैसे न देता वाचता येते. गणपतीसमोर असा कोरडा विषय का, असे वाटेल. पण सुपेल्यातल्या घराघरांत हा विषय रक्तातून पोचलेला आहे, ते पुढे सांगतो.

आधी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. 'वर्गणी' या शब्दाचे मराठीत दोन उपयोग आहेत. मासिकाची वर्गणी आणि गणपतीची वर्गणी. शब्द एकच, पण व्यवहार उलटे. मासिकाची वर्गणी जो भरतो त्यालाच अंक मिळतो. गणपतीची वर्गणी मात्र कोणी पाचशे देतो, कोणी एकावन्न देतो, कोणी पावतीपुस्तक बघून दारच मिटून घेतो, तरी दर्शन आणि प्रसाद सर्वांना सारखा. मांडवाच्या दाराशी पावती तपासणारा माणूस आपण कधी बसवला नाही. लोकमान्यांनी हा उत्सव चौकात आणला, त्याला सव्वाशेच्या वर वर्षे झाली. तेव्हापासून 'सार्वजनिक' म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

विज्ञानाची शोधपत्रिका मात्र पहिल्या प्रकारच्या वर्गणीवर चालत आली.

शोधनिबंध कसा तयार होतो ते थोडक्यात सांगतो. विद्यापीठात किंवा सरकारी प्रयोगशाळेत एक प्राध्यापक काम करतो. पगार बहुधा सरकारचा, रसायने आणि यंत्रे अनुदानातली, आणि विषय वैद्यकाचा असेल तर रक्ताचे नमुने तुमच्या-माझ्या दंडातले. काम झाले की तो निबंध लिहून एखाद्या शोधपत्रिकेकडे पाठवतो. संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतो. जाणकार तो बहुधा फुकट तपासतात, कारण उद्या त्यांचेही निबंध कोणी तरी तपासणार असतात. लेखकाला मानधन नाही. निबंध छापून आला की ज्या विद्यापीठाच्या पगारावर तो लिहिला गेला, त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय तो अंक प्रकाशकाकडून विकत घेते. डेअरीला दूध आपण घालायचे, फॅट आपणच मोजायचे, आणि संध्याकाळी तेच दूध डेअरी सांगेल त्या भावाने पिशवीतून आणायचे, तसा हा प्रकार आहे. प्रकाशकाला छपाईचा, संपादनाचा, जुने अंक जपण्याचा खर्च असतो, हे मान्य. पण जगातल्या मोठ्या प्रकाशकांनी हे भाव गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत असे चढवले की श्रीमंत देशांतल्या ग्रंथालयांनीही हात टेकले. मग आमच्यासारख्या गावच्या महाविद्यालयांची काय कथा! मी जिथे रसायनशास्त्र शिकवले, तिथल्या ग्रंथालयात आधी परदेशी जर्नल्स बंद झाली, मग देशी बंद झाली, आणि त्या कपाटात पुढे परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवू लागले.

आमच्या पिढीला यावर एक उपाय ठाऊक होता. पोस्टकार्ड! शीर्षकांची यादी कुठे तरी पाहायला मिळाली की परदेशातल्या लेखकाला थेट कार्ड लिहायचे, 'आपल्या अमुक निबंधाची प्रत कृपया पाठवावी'. लेखकाला प्रकाशकाकडून काही सुट्या प्रती मिळालेल्या असत. तो भला माणूस असेल तर दोन-अडीच महिन्यांनी विमानटपालाचे पाकीट यायचे, आणि त्यावरचे तिकीट मिळवण्यासाठी घरातली मुले भांडायची. जो ज्ञान निर्माण करतो त्याला ते लपवून ठेवायचे नसते, हे मी त्या पाकिटांवरून शिकलो. कुलूप लावणारा मधला असतो.

आता रक्ताकडे येतो. गेल्या वर्षी उत्सवात आपल्या मंडळाने सिकलसेल तपासणीचे शिबिर घेतले होते, हे आपल्याला आठवत असेल. इकडे लोक त्याला नुसते 'सिकलिंग' म्हणतात. छत्तीसगड, विदर्भ, पश्चिम ओडिशा, मध्य प्रदेशाचा पूर्व भाग, हा सगळा या आजाराचा पट्टा आहे. आपल्यापैकी बरीच कुटुंबे भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर इकडून कारखान्याच्या ओढीने भिलाईला आली. पट्ट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली, एवढेच. हा आजार एखाद्याच जातीचा आहे असे कोणी कुजबुजत असेल तर ते चूक आहे. तो अनेक समाजांत आहे, आदिवासींत आहे आणि इतरांतही आहे.

शिबिरात जी तपासणी झाली ती साधी आणि स्वस्त होती. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो एका द्रावणात सोडतात. त्या द्रावणात रक्तपेशी फोडणारा पदार्थ असतो आणि प्राणवायू काढून घेणारे सोडियम डायथायोनाइट असते. प्राणवायू गेला की सिकलसेलचे हिमोग्लोबिन विरघळलेले राहत नाही, द्रावण गढूळ होते, आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नाही दिसल्या तर पॉझिटिव्ह. या परीक्षेत एक मोठी उणीव आहे. ज्याला आजार आहे त्याचे द्रावण गढूळ होते, आणि जो फक्त वाहक आहे, म्हणजे ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला आहे, त्याचेही गढूळच होते. दोघांत फरक करायला पुढची, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीची तपासणी लागते.

शिबिरानंतर आठवड्याने नंदिनी रोडवरच्या एका वर्कशॉपात काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मूळचे भंडाऱ्याकडचे. मुलगी बारावीत, आणि तिच्या चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' लिहिलेले. पुढच्या तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर घरात रडारड, आणि शेजारच्या कोणी तरी 'हिचं लगन नाही होणार आता' असे सांगून टाकलेले. त्यांनी रात्रभर मोबाईलवर शोधले होते. नागपूरचे नाव असलेला एक निबंध त्यांना सापडला. वर शीर्षक, खाली थोडासा मजकूर, आणि त्याखाली पैसे भरायचे बटण. मोबाईल माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "सर, आपल्याच नागपूरच्या लोकांचं रक्त तपासलं ना यानं? मंग वाचाले तीन हजार रुपये कोनाले द्यायचे?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही. पण त्यांच्या मुलीच्या चिठ्ठीचा अर्थ मी त्यांना सांगू शकलो, आणि तो सांगताना ज्या निबंधाचा आधार घेतला त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी हार्वे इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी 'सायन्स' या पत्रिकेत एक निबंध लिहिला. पॉलिंग डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. रोग म्हणजे अवयवाची बिघाड किंवा जंतूंचा हल्ला, अशी तोवरची समजूत होती. पॉलिंगनी दाखवले की या रोगात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा आहे. विजेच्या क्षेत्रात ठेवला की त्याचा वेग नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळा पडतो, कारण त्याच्यावरचा विद्युतभार निराळा आहे. आणि त्याच निबंधात हेही होते की वाहकांच्या रक्तात दोन्ही तऱ्हेचे हिमोग्लोबिन एकत्र असते, निम्म्याहून जास्त चांगले, उरलेले दुसरे, आणि तेवढ्या चांगल्यावर वाहकाचे आयुष्य सहसा सुरळीत जाते. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बाकी सगळे जागच्या जागी. १४६ मण्यांच्या माळेत एक मणी बदलला, आणि माणूस सांध्यांच्या वेदनेने रात्र रात्र तळमळतो. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ही दोन वेगळी कपाटे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हा एक आजार नीट समजून घ्यावा.

मुलीचा पक्का रिपोर्ट पुढे आला. ती वाहक निघाली. तिच्या रिपोर्टवर जे पट्टे होते ते पॉलिंगनी वापरलेल्या पद्धतीच्याच घराण्यातले. वडिलांना मी कागदावर चौकट आखून दाखवली. वाहकाने वाहकाशी लग्न केले तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निर्दोष. जोडीदार निर्दोष असेल तर एकही मूल आजारी होणार नाही. म्हणजे लग्नाला बंदी नाही. लग्नाआधी समोरच्याचीही नळी तपासा, एवढेच. एका निबंधातले चार वाक्यांएवढे ज्ञान त्या घरापर्यंत आठवडाभर पोचले नव्हते, आणि त्या आठवड्यात एका शिकत्या मुलीने दोन वेळा जेवण टाकले होते.

पॉलिंगचा तो निबंध ऑरेगॉनच्या विद्यापीठाने, जिथे त्यांची कागदपत्रे जपली आहेत, सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवला आहे. मग आपल्याकडच्या निबंधांचे काय? मी थोडी यादी केली, ती ऐका.

भारतात सिकलसेल आहे हे १९५२ मध्ये जगापुढे आले. त्यातला लेहमन आणि कटबुश यांचा निलगिरीतल्या आदिवासींविषयीचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्या जर्नलचे जुने अंक आज 'पबमेड सेंट्रल' या सरकारी अमेरिकन संग्रहात कोणालाही मोफत वाचता येतात. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचे मध्य भारतातल्या सिकलसेलवरचे टिपण 'लॅन्सेट'मध्ये आले. आपल्या पट्ट्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, आणि विदर्भातल्या या आजाराचा इतिहास लिहिताना त्याचा उल्लेख केल्यावाचून कोणाला पुढे जाता येत नाही. ते मात्र कुलपात आहे. निलगिरीचा निबंध सुपेल्यात बसून वाचता येतो, आणि शेजारच्या विदर्भातल्या आजाराचा येत नाही! १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मानवी आनुवंशशास्त्राच्या पत्रिकेत एक मोठा निबंध आला. भारत आणि अरबस्तानातला हा दोष आफ्रिकेतून आलेला नसून आशियात स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असा पुरावा त्यात होता. त्याच्या लेखकांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे आहेत. महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलसाठी आयुष्य वेचलेले हे डॉक्टर, त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. हा निबंध खुला आहे. आणि २०११ साली रायपूरच्या डॉ. पात्रा आणि सहकाऱ्यांनी छत्तीसगडमधल्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या तपासणीचा निबंध प्रसिद्ध केला. शंभरात नऊच्या वर माणसे वाहक सापडली. हाही खुला आहे. या मांडवात आज दोनशे माणसे बसली असतील तर त्यात किती जण वाहक असू शकतील, याचा हिशेब घरी जाऊन करा.

आपल्या भागातल्या निबंधांना वेगळे महत्त्व आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांतला सिकलसेल हा बहुतेक आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून लिहिलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, त्यामुळे आजाराचे वळण पुष्कळदा निराळे असते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध हेच गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. हा पदार्थ १८६९ मध्ये जर्मनीत प्रथम तयार केला गेला, तेव्हा त्याचा सिकलसेलशी संबंध जोडायला शंभराहून अधिक वर्षे लागतील असे कोणाला वाटले नसेल. सिकलसेलसाठी अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या मुलांना ते किती मात्रेत द्यावे, हे आपल्या मुलांवर झालेल्या अभ्यासावरूनच ठरणार. तो अभ्यास गल्लीतल्या डॉक्टरांना वाचता आला पाहिजे. (कृपया कोणी हे ऐकून परस्पर औषध आणू नये. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय आणि रक्ततपासणीशिवाय ते घ्यायचे नसते.)

आता परळला चला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस नसेल. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हा दुर्मिळ रक्तगट १९५२ मध्ये डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला, तो 'लॅन्सेट'मध्येच. मराठी डॉक्टर, मुंबईचे रक्त, आणि छापायला लंडनची पत्रिका. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि मान तिथेच मिळत होता, त्यात गैर काही नाही.

पण त्याच केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९५५ पासून स्वतःची एक पत्रिका चालवली आहे, 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'. वर्षानुवर्षे ती इतर भारतीय पत्रिकांसारखीच होती. थोडे वर्गणीदार, परदेशात फारसे कोणी पाहत नसे. २००१ च्या सुमारास त्यांनी पूर्ण पत्रिका इंटरनेटवर मोफत ठेवली. वाचकाकडून पैसे नाहीत, आणि लेखकाकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी मात्र चालू ठेवली. या कामामागे डॉ. डी. के. साहू हे मुंबईचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या 'मेडनो' या संस्थेने पुढे अनेक भारतीय वैद्यकीय पत्रिका याच पद्धतीने खुल्या केल्या.

फुकट ठेवले तर वर्गणीदार पळतील, ही सर्वांची भीती. खुले झाल्याचा काय परिणाम झाला ते साहू, गोगटे आणि बावडेकर यांनी मोजले आणि २००५ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत मांडले. खुले झाल्यानंतर त्या पत्रिकेतल्या निबंधांचा इतर शास्त्रज्ञांनी दिलेला संदर्भ वाढला, आणि छापून आल्यापासून पहिला संदर्भ मिळेपर्यंतचा काळ कमी झाला. परळच्या महापालिकेच्या इस्पितळातली पत्रिका! युरोप-अमेरिकेत तेव्हा याच प्रश्नावर जाहीरनामे निघत होते. बुडापेस्टचा जाहीरनामा फेब्रुवारी २००२ चा, आणि 'प्लॉस बायॉलॉजी' ही गाजलेली खुली पत्रिका ऑक्टोबर २००३ ची. आपले डॉक्टर त्यांच्या मागे नव्हते, थोडे पुढेच होते. मराठी वर्तमानपत्रांत यावर पानभर लेख यायला हवा होता, असे माझे मत आहे. २०११ मध्ये मेडनो ही संस्था व्होल्टर्स क्लुवर या मोठ्या परदेशी प्रकाशन कंपनीने विकत घेतली. घरच्या मळ्यातली विहीर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढली, तरी निदान पाणी अजून सर्वांना मिळते आहे.

जीवशास्त्राच्या मानाने रसायनशास्त्र या बाबतीत मागे राहिले, हे रसायनशास्त्राचा माणूस म्हणून मला सांगायला आवडत नाही. जीवशास्त्रज्ञांनी प्रथिनांच्या रचनांची बँक १९७१ मध्येच खुली केली. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची रचना आज कोणताही विद्यार्थी तिथून मोफत उतरवून घेऊन मोबाईलवर फिरवून पाहू शकतो, आणि पाहावीच. रसायनशास्त्रात मात्र संयुगांची मोठी सूची पहिल्यापासून पैशाची. अमेरिकन सरकारने २००४ मध्ये 'पबकेम' ही मोफत सूची सुरू केली, तेव्हा खुद्द अमेरिकेच्या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने, आपल्या विकाऊ सूचीशी ती स्पर्धा करते म्हणून, तक्रार केली. पबकेम टिकली, हे आपले भाग्य. आपल्याकडे सर सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या बंगळूरच्या विज्ञान अकादमीने रसायनशास्त्राची आणि जीवशास्त्राची पत्रिका आपल्या संकेतस्थळावर वाचायला ठेवली. अकादमीचे 'रेझोनन्स' तर अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी अवश्य पाहावे.

इतके सगळे गोड वाटले असेल, तर आता कडू भाग. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर प्रकाशकांनी ते लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. 'नेचर' या पत्रिकेने २०२१ पासून खुल्या निबंधासाठी लेखकाकडून ९,५०० युरो मागितले. म्हणजे आठ लाखांच्या वर रुपये. दुर्ग-भिलाईतल्या कोणत्या प्राध्यापकाने हे भरायचे? दर्शन फुकट, पण मूर्तिकारानेच मांडवाचे भाडे भरावे, असा हा न्याय झाला. त्यात आणखी एक जात निपजली. पैसे भरा, चार दिवसांत छापतो, तपासणी वगैरे काही नाही, अशा बनावट पत्रिका. दुर्दैवाने त्यांत आपल्या देशाचा हात मोठा आहे. बढतीसाठी निबंध मोजले जातात, वाचले जात नाहीत, त्याचे हे फळ. म्हणून खुले आहे तेवढे खरे आहे असे समजू नका. कुलपातले आहे म्हणून खरे, असेही नाही.

काही तरुण मित्र म्हणतील, सर, साय-हब आहे ना! २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या मुलीने सुरू केलेले ते संकेतस्थळ लाखो निबंध फुकट देत होते. डिसेंबर २०२० मध्ये तीन मोठे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायदा कायद्याच्या जागी. मी तुम्हाला मागच्या दाराने जा असे सांगणार नाही. पण इतकी माणसे मागच्या दाराशी का गोळा झाली, याचा विचार पुढच्या दाराच्या मालकांनी करावा.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था आणि एक कोटी ऐंशी लाखांच्या जवळपास विद्यार्थी-प्राध्यापक. सगळ्या देशाने मिळून एकच वर्गणी भरायची, ही कल्पना मला आवडते. आपल्या सरकारी महाविद्यालयांतल्या मुलांना कधी डोळ्यांनी न दिसलेल्या पत्रिका यातून उघडतील. पण या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी आहे. खाजगी महाविद्यालयातला विद्यार्थी बाहेर. सुपेल्यात स्वतःचा दवाखाना चालवणारे डॉक्टर बाहेर. निवृत्त शिक्षक बाहेर. आणि ते नंदिनी रोडचे वडील, ज्यांच्या करातून ही वर्गणी भरली जाते, तेही बाहेर. शिवाय हे पैसे कुलपाची किल्ली भाड्याने घेण्यासाठी आहेत. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाच्या विषाणूचा जनुकीय आराखडा शास्त्रज्ञांनी इंटरनेटवर खुला ठेवला, मोठ्या प्रकाशकांनीही त्या आजाराचे निबंध उघडले, आणि लशीचे काम लगेच सुरू होऊ शकले. कुलपे उघडता येतात, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. सिकलसेलची साथ हळू चालते म्हणून त्याची घाई कोणाला नाही. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून. इतक्या चिठ्ठ्या घरोघर जाणार, तर त्या चिठ्ठीचा अर्थ सांगणारे कागदही बरोबर गेले पाहिजेत.

आता आपण इथे काय करू शकतो, ते सांगतो आणि थांबतो.

पहिले, 'पबमेड सेंट्रल' हे नाव लिहून घ्या. आजाराचे आणि जिल्ह्याचे किंवा राज्याचे नाव इंग्रजीत टाका, जे येईल ते पूर्ण वाचता येते. पीएच.डी.चे प्रबंध हवे असतील तर 'शोधगंगा' आहे. नागपूर, पुणे, रायपूर इथल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत, आणि पुष्कळदा प्रबंधात निबंधापेक्षा जास्त तपशील मिळतो. निबंध कुलपातच असेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. ते आमचे जुने पोस्टकार्डच आहे, आता तिकीट लागत नाही. माझा अनुभव असा की दहातले सहा-सात जण प्रत पाठवतात.

दुसरे जरा महत्त्वाचे आहे. बऱ्याच खुल्या निबंधांवर 'सीसी बाय' अशी अक्षरे असतात. त्याचा अर्थ, मूळ लेखकाचे नाव, परवान्याचे नाव आणि आपण काय बदल केला ते नमूद करून हा मजकूर कोणीही छापावा, वाटावा, आणि त्याचे भाषांतरही करावे, वेगळी परवानगी नको. ही अक्षरे नसतील तर वाचायला मोफत असले तरी भाषांतराला विचारावे लागते, हे ध्यानात ठेवा. आपल्या मंडळात एम.एस्सी. झालेल्या किमान सहा मुली आहेत, नर्सिंग झालेल्या आहेत, आणि छत्तीसगढी उत्तम बोलणारे तर सगळेच आहेत. सिकलसेलवरचे असे परवान्याचे चार-पाच निबंध निवडून त्यांचा सोप्या मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत दोन-दोन पानांचा गोषवारा करायचा, रक्ताच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा, आणि पुढच्या शिबिरात प्रत्येक चिठ्ठीबरोबर द्यायचा, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. छपाईचा खर्च स्मरणिकेच्या जाहिरातींतून निघेल असे खजिनदारांचे मत आहे. चौकशी केली तेव्हा त्या मुलीने, तिच्या वडिलांनी ज्यांची हकीकत मी सांगितली, पहिला गोषवारा स्वतः लिहायला घेतला आहे असे कळले. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या खोलीत यावे. लॅपटॉप असेल तर आणावा, आमच्याकडे एकच आहे.

आरतीचे तबक तयार दिसते आहे.